न्हाणीघरातली फिल्म

परवा दुपारी भाचा त्याचा कॅननचा ईओएस ३००, फिल्मवर चालणारा मोटरचा कॅमेरा, घेऊन आला. ‘मामा, तुमचा एक रोल द्या ना.’ माझे रोल घरी भरलेले. फिल्मचा शंभर फुटांचा डबा आणायचा, लोडरमध्ये, म्हणजे उजेड आत न येणाऱ्या पेटीत, घालायचा आणि दांडी फिरवत रिकाम्या कॅसेट भरत जायच्या. छत्तीस-छत्तीस फोटोंचे अठराएक रोल निघतात.

रोल घालून पाठ लावली आणि मोटर जी सुटली, ती थांबेचना. हा कॅमेरा आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घेतो, मग एकेक फोटो झाला की तेवढी आत सारतो. म्हणजे पहिला फोटो पडतो रोलच्या शेपटावर. लोडरमध्ये ते शेपूट आपण उजेडातच कॅसेटमधल्या स्पूलला, म्हणजे रिळाला, चिकटवलेलं असतं, तेवढी फिल्म वाया गेलेली. ‘पहिले दोन चपलांचे काढ,’ मी म्हटलं. त्यानं आईचा काढला.

हातानं चालवायच्या कॅमेऱ्यात लिव्हर ओढणाऱ्या अंगठ्याला फिल्म संपत आल्याचं कळतं, तो सैल पडतो. मोटर हिसका देते. तो सोसायचा माझ्या चिकटपट्टीनं, म्हणून ती मी दोन्ही अंगांनी लावतो. ती सुटली तर रोल परत गुंडाळला जात नाही. कॅमेरा अंधारात नेऊन उघडावा लागतो. शिवाय विकतच्या कॅसेटवर फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेड किती चटकन पकडते ते, कॅमेऱ्याला सांगणारे चंदेरी चौकोन असतात, माझ्या कोऱ्या. काही कॅमेरे मग सरसकट १०० धरून चालतात, आत चारशेची का असेना.

दांडिया बाजारातल्या घरी लोडरही नव्हता. तेव्हा बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजचे आग्फा क्लिक थ्री बनत आणि ज्याच्या त्याच्या घरी तोच कॅमेरा. मागच्या लाल खिडकीत आकडा बघत बटण फिरवायचं, बारा फोटो झाले की संपलं. काकांना बारा पुरत नसत, त्यांचा कॅमेरा छत्तीसवाला. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ फिल्मचा डबा घेऊन ते न्हाणीघरात कडी लावून बसत. भिंतीला दोन खिळे, मधे पाच फुटांहून थोडं जास्त अंतर. अंधारात चाचपून तेवढी फिल्म मोजायची आणि कापायची. दाराच्या फटीला सतरंजी दाबून धरायचं काम आम्हा मुलांचं, आणि आजी आंघोळीचे कपडे हातात घेऊन ताटकळत उभी. ‘झालं का?’ विचारलं की आतून आवाज यायचा, ‘श्वास सोडू नका, उजेड येईल!’ आम्ही खरंच श्वास धरायचो.

छत्तीस फोटो काकांना दिवाळीपासून होळीपर्यंत पुरत. मोटरवर बोट दाबून ठेवणाऱ्याला हे कसं सांगायचं? मी सांगत नाही.

डब्याच्या शेवटी सात-आठ फोटोंचा तुकडा उरे, काका तोही भरत. पाहुणे, लग्नं, मुंजी यांना अख्खे रोल. घरच्यांची पाळी तुकड्यावर. आजीचा एकच फोटो आहे आमच्याकडे, तोही अशाच एका तुकड्यातला. तिच्यासाठी म्हणून रोल कुणी भरलाच नव्हता.