ग्राफवरचे काटे

टंगस्टनचा नमुना भट्टीत गेला की पुढचा तासभर तसा कंटाळवाणाच. निर्वात नळीत तापमान मिनिटाला 15 केल्विनने चढत राहतं, धातूत अडकलेला वायू सुटत जातो आणि वायूंची वस्तुमानं पाळीपाळीने तपासणारा मास स्पेक्ट्रोमीटर तो मोजत बसतो. स्क्रीनवर हळूहळू एक टेकडी उमटते.

नमुन्यात आम्ही प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) भरलं होतं. हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या संलयन अणुभट्टीत त्याच्या जोडीला ट्रिटियम, हायड्रोजनचंच आणखी जड रूप, असतं. ते किरणोत्सारी, अर्धायुष्य 12.3 वर्षं, आणि मिळायला दुर्मिळ. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या इटर या संलयन अणुभट्टीच्या पात्रात 700 ग्रॅमहून जास्त ट्रिटियम साचता कामा नये, अशी मर्यादा आखली गेली ती त्यामुळेच. टंगस्टनची भिंत किती वायू गिळते, हे आधी कळायला हवं.

त्या दिवशी पाचशे केल्विनच्या आसपास टेकडीवर काटे उगवले. एक, मग दोन, मग भराभर.

"अर्थिंगचा घोळ दिसतोय," शेजारचा सहकारी म्हणाला. "स्मूद करून टाक."

हा सल्ला मला नेहमीच खटकतो. काटे पुसून रेघ गुळगुळीत करणारं स्मूदिंगचं बटण हाताशी असलं की माणूस बघायचंच सोडतो. मी एक काटा मोठा करून पाहिला. चढण उभी, पण उतार तिरका, शेपटीसारखा. नळीत अचानक आलेला वायू पंप जितक्या वेळात ओढून घेतो, तितकीच लांब ती शेपटी. तारेतल्या गोंगाटाला अशी शेपटी कशी असेल? शिवाय वस्तुमान 28 ची, म्हणजे नायट्रोजनसारख्या वायूंची, रेघ सपाट होती; गोंगाट असता तर तीही हलली असती. उड्या मारत होती ती 4 ची, म्हणजे ड्यूटेरियमच्या रेणूची.

म्हणजे नमुन्यात काहीतरी फुटत होतं.

आमच्या प्लाझ्मातल्या आयनांची ऊर्जा जेमतेम काही दशक इलेक्ट्रॉनव्होल्ट. टंगस्टनचा अणू जागचा हलवायला इतक्या हलक्या कणाकडे हजाराच्या वर हवी. संलयन अणुभट्टीतले 14.1 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन अणू उधळतात ते समजतं. इथे तसा मार बसलाच नव्हता. तरीही धातूची वाट लागते, कारण टंगस्टनला हायड्रोजन जवळजवळ विरघळवताच येत नाही. पृष्ठभागातून घुसलेले अणू आतल्या एखाद्या फटीत, बहुतेकदा स्फटिककणांच्या सीमेवर, भेटतात आणि जोडीने रेणू बनतात. रेणू झाला की परत धातूत शिरणं महागात पडतं. मागून नवे येतच राहतात. दाब हजारो वातावरणांवर जातो आणि वरचा थर फोडासारखा फुगतो.

थंड झालेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. तापवण्याआधीचे फोटो होतेच, त्यामुळे तेच फोड शोधता आले. बरेचसे जसेच्या तसे. काहींच्या पायथ्याशी मात्र केसाएवढी चीर, चंद्रकोरीसारखी वळलेली. एका फोडाचं तर टोपणच उडालेलं, आत स्फटिककणाची गुळगुळीत, कोनदार भिंत दिसत होती.

"आता स्मूद करू?" मी सहकाऱ्याला विचारलं. तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. मग आम्ही काट्यांखालचं क्षेत्रफळ वेगळं काढलं, कारण फोडातला वायू आणि अणू-अणूने अडकलेला वायू एकाच बेरजेत टाकला की आकडा बरोबर येतो, पण ड्यूटेरियम नेमकं कुठे बसलं होतं ते त्यातून कळत नाही. अहवालात वक्र काट्यांसकट गेला. पुढच्या नमुन्यांसाठी स्पेक्ट्रोमीटर इतर वस्तुमानांवर कमी थांबेल असं करून घेतलं, म्हणजे 4 वरची एखादी झटपट उडी निसटणार नाही.