मार्क मला मिळाले, गाणं भाऊंनी सांभाळलं

रिझल्ट येऊन बरेच दिवस झाले तरी गिटारच्या डिप्लोमाच्या परीक्षेतले पाच-सात सेकंद डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून लिहून काढतोय. मी नागपुरात गिटार शिकवतो आणि सीझनला ऑर्केस्ट्रात वाजवतो, म्हणजे लग्नाचे संगीत, गणपती-दुर्गेचे कार्यक्रम, देशपांडे सभागृहात नाहीतर सायंटिफिकला होणाऱ्या जुन्या गाण्यांच्या रात्री.

आपल्याकडे संगीताची परीक्षा म्हटलं की लोकांना विशारद आठवतं. पॉप-रॉक वाजवणाऱ्यांच्याही परीक्षा असतात हे सांगितलं की पालक सुद्धा चमकतात. रॉकस्कूल लंडनमध्ये १९९१ ला सुरू झालं, ट्रिनिटीचं रॉक अँड पॉप आहे, आणखीही बोर्डं आहेत. आठ ग्रेड, त्यानंतर डिप्लोमा, आणि लेव्हल फोरचा डिप्लोमा तिकडे डिग्रीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा धरतात. ग्रेडला मुख्यतः ठरलेल्या पुस्तकातली गाणी वाजवायची असतात. मी दिलेल्या डिप्लोमाला तसं नव्हतं, अख्खा कार्यक्रम स्वतः बसवायचा, त्यावर इंग्रजीत प्रोग्राम नोट्स, म्हणजे गाण्यांची माहिती लिहायची, चार्ट, म्हणजे गाण्याची कागदावरची मांडणी आधी द्यायची आणि वाजवून झालं की व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेली साथ, चालत होता, पण मी लाइव्ह बँडच घ्यायचा ठरवला कारण ट्रॅकसोबत वाजवणं हे माझं काम नाही, माझं काम गाणाऱ्याच्या मागे वाजवणं आहे आणि परीक्षा द्यायची तर त्याचीच द्यायची.

गाणारी मुलगी धरमपेठची, कॉलेजातली, गळा फार चांगला. बेसवाला माझा जुना दोस्त. आणि ड्रमकिटवर भाऊ. भाऊ महाल भागात राहतात, नागपुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना वेगळं सांगायची गरज नाही. आता बहुतेक ऑक्टोपॅडच वाजवतात पण मूळचे किटचे. रोलंडने पहिला ऑक्टोपॅड १९८५ ला काढला तो इलेक्ट्रॉनिक ड्रम म्हणून, आपल्या लोकांनी त्यात ढोलक, टाळ्या, घुंगरू, सगळं भरून त्याचं वेगळंच वाद्य करून टाकलं, आणि भाऊ ते असं वाजवतात की डोळे मिटून ऐकलं तर चार माणसं बसलीयेत असं वाटतं.

परीक्षा मे महिन्यात. बाहेर नागपूरचं ऊन आणि आत एसी. गिटारवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे आणि परीक्षेचं टाइमटेबल करणाऱ्यांना ते कधीच कळत नाही. तापलेल्या तारा सैल पडतात, सूर खाली जातो, एसीत आलं की त्याच तारा आवळतात आणि सूर वर चढायला लागतो, म्हणजे बाहेर लावलेली गिटार आत दुसऱ्या गाण्यापर्यंत बेसूर. मला दोन गिटारी न्यायच्या होत्या, कारण एक गाणं मूळ पांढरी तीनच्या पट्टीत, म्हणजे ई मध्ये होतं आणि मुलीच्या गळ्याला अर्धा सूर खाली, काळी दोनला बसत होतं. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, साध्या ट्यूनिंगमध्ये तिथे मोकळ्या तारा मिळत नाहीत आणि त्या रिफचा, म्हणजे परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा, सगळा जीव मोकळ्या खालच्या तारेत आहे. म्हणून दुसरी गिटार सगळीच अर्धा सूर उतरवून लावली, बोटं मूळचीच ठेवली. हॉलवाल्याला विनंती करून दोन्ही केसेस बऱ्याच आधी आत नेऊन उघड्या ठेवल्या, गिटारी खोलीइतक्या गार झाल्या तेव्हाच ट्यूनरला हात लावला. पूर्ण परीक्षेत सूर हलला नाही, याचा मला अभिमान आहे.

पहिली गाणी ठरल्यासारखी झाली. मग ते काळी दोनचं गाणं. दुसऱ्या म्युझिकमध्ये, म्हणजे अंतऱ्याआधीच्या वाद्यांच्या तुकड्यात, माझा आठ बारचा (बार म्हणजे तालाच्या मात्रांचा एक गट) सोलो, सहा बार चौथ्या कॉर्डवर, शेवटचे दोन पाचव्यावर, आणि मग तिचा अंतरा पहिल्यावर, म्हणजे घरच्या कॉर्डवर. मी पाचव्या बारात होतो, सोलो वर चढत होता. आणि सहावा संपता संपता भाऊंनी रोल टाकला, म्हणजे पुढचा भाग येतोय हे सांगणारी ड्रम्सची जलद वाजवणी. दोन बार आधी! मला कळेना हे काय करून राहिले, पण पंधरा-वीस वर्षांची सवय, भाऊंचा रोल आला की पुढे सम आहे, त्यावर वाद घालायचा नसतो. मी फ्रेज होती तिथून वळवून पहिल्या कॉर्डच्या सुरावर आणली, बेसवाला पण उतरला, भाऊंची क्रॅश झांज पडली आणि बरोबर त्याच क्षणी मुलीने अंतरा उचलला. ती दोन बार आधी आली होती. तिला वाटलं आठ झाले. ती चुकली हे तिला स्वतःला सुद्धा परीक्षा संपल्यावर आम्ही सांगितलं तेव्हा कळलं.

व्हायव्हाला परीक्षक मॅडमनी चार्ट पुढे ठेवला आणि त्या जागेवर बोट ठेवून विचारलं, इथे आठ लिहिलेत, तुम्ही सहा वाजवले, हे आधी ठरलेलं होतं का? बाईंचा कान पक्का होता, एवढ्या गडबडीत बार मोजून राहिल्या होत्या. मी म्हटलं नाही, ती आधी आली, आम्ही तिच्यासोबत गेलो. त्यांनी विचारलं, ती यायच्या आधीच ड्रम्सचा रोल कसा काय आला? मी म्हटलं ते ड्रमरलाच विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, उमेदवार तुम्ही आहात, ड्रमरची परीक्षा नाहीये.

नियम म्हणून ते बरोबरच आहे, साथीदारांना मार्क नसतात. पण रिझल्टच्या कागदावर मला सगळ्यात जास्त मार्क ज्या रकान्यात पडले तो एकत्र वादनाचा आणि बँड सांभाळण्याचा रकाना आहे, आणि शेऱ्यात नेमकी हीच जागा लिहिलीय.

त्या संध्याकाळी भाऊंना विचारलं होतं, कसं समजलं? तर म्हणे, "पोरीनं श्वास घेतला ना बे. खांदे वर गेले. श्वास घेतल्यावर मानूस थांबत नाही." मी तिच्या बाजूलाच उभा होतो, मला नाही दिसलं, मी फ्रेटबोर्डकडे बघत होतो. भाऊ मागून, झांजांच्या मधून, तिचे खांदे बघत होते. आणि हे ते प्रत्येक कार्यक्रमात करतात, गाणारा कडवं विसरो की मधेच नवरदेवाचे मामा माइक हिसकावून घेवोत. नागपुरातल्या कितीतरी गायकांना वाटतं आपण कधी चुकत नाही. त्यांच्या मागे कोण बसलेलं असतं ते बघा.

रिझल्ट घेऊन महालात गेलो आणि म्हटलं भाऊ, आता तुम्ही द्या, ड्रम्सला पण आहे हा डिप्लोमा. हसले नाहीत, नीट विचार करून म्हणाले, "वाजवून देतो मी कधीबी. पन ते लिहाचं कोन? अन बाई इंग्रजीत विचारन, मी काय सांगू तिले?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. नोट्स लिहायला मला स्वतःला वाजवण्याच्या तयारीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्यात लिहिलेलं अर्ध ज्ञान भाऊंसारख्या माणसांसोबत वाजवून मिळालेलं, फक्त इंग्रजीत. लेखनाला माझा विरोध नाही, आपण हेच का वाजवतो ते सांगता आलंच पाहिजे. पण भाऊंना मराठीत विचारा, हिंदीत विचारा, तासभर सांगतील, कोणत्या गाण्यात हायहॅटची झांजजोडी किती उघडी ठेवायची आणि का, ते सुद्धा वाजवून दाखवतील.

वाद्यांच्या यादीत ऑक्टोपॅड नाही, ड्रमकिट आहे, म्हणजे किटवर परत हात बसवावा लागेल, त्याची त्यांना काळजी नाही. मी बोर्डाला मेल केलाय की नोट्स उमेदवाराने सांगायच्या आणि दुसऱ्याने भाषांतर करायचं असं चालेल का, व्हायव्हाला दुभाषी बसवता येईल का. अजून उत्तर नाही. तोवर भाऊ रविवारी माझ्याकडे येतात, ते बोलतात, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. मागच्या रविवारी अख्खा वेळ फक्त काठीऐवजी ब्रशने ड्रम वाजवण्यावर गेला.