जोडगोळी अपडेट: १९ नंबरचा इंटरप्ट अखेर बोलता झाला

मंडळी, सापडलं! आपल्या जोडगोळीतलं, म्हणजे दोन प्रोसेसरांच्या जुन्या लिनक्स मशीनमधलं, कोॲक्स केबलवरचं ८०२९ नेटवर्क कार्ड दोन प्रोसेसरांच्या कर्नेलखाली (लिनक्सच्या गाभ्याखाली) का मरतं, ते कळलंय. नुसतं कळलं नाही, मेलेलं कार्ड मशीन रीबूट न करता परत चालूही करून दाखवलंय. काल रात्री पिंगची उत्तरं पुन्हा यायला लागली तेव्हा घरातले सगळे झोपले होते, म्हणून ओरडलो नाही. आता इथे ओरडतो.

मशीन तेच. ४४०बीएक्स चिपसेटचा दोन सॉकेटवाला बोर्ड, ३६६ मेगाहर्ट्झचे दोन सेलेरॉन, लिनक्स कर्नेल २.४.० एसएमपी, म्हणजे अनेक प्रोसेसर चालवणारा. २.४.०च का, हे मागे विचारलं गेलं होतं. जानेवारी २००१ मध्ये ही मालिका आली तेव्हा हा बोर्ड ज्या अवस्थेत चालायचा, त्याच अवस्थेत तो मला उभा करायचाय. कंपायलरसुद्धा त्या काळचा, २.९१.६६. आणि ८०२९ बदलून दुसरं कार्ड लावा हा सल्ला या प्रकल्पात चालणार नाही. त्या कार्डावर बीएनसी, म्हणजे कोॲक्स जोडायचं कनेक्टर, आहे. माझी जुनी आयएसए स्लॉटवाली मशीनं ज्या आरजी-५८ कोॲक्स केबलवर लटकलेली आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायचा तो एकमेव रस्ता आहे. शंभर मेगाबिटचं कार्ड शेजारी आहेच, पण ते घरातल्या बाकीच्या नेटवर्कसाठी.

लक्षणं पुन्हा एकदा, कारण सगळी गोम त्यांतच होती. नुसत्या पिंगला काही होत नाही. एका दिशेने फाइल ढकलली तरी बराच वेळ तग धरतं. दोन्ही दिशांनी एकदम मोठ्या फाइली सुरू केल्या की थोड्या वेळात कोॲक्स गप्प. लॉगमध्ये आधी नेटडेव्ह वॉचडॉगची ‘ट्रान्समिट टाइम्ड आउट’ ओळ, मग ड्रायव्हरची स्वतःची ‘टीएक्स टाइम्ड आउट, लॉस्ट इंटरप्ट?’, पुढे कार्डाच्या दोन रजिस्टरांचे आकडे: टीएसआर (पाठवणीची स्थिती) ३, आयएसआर (इंटरप्टची स्थिती) ३. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक; कर्नेल आपली आकडेवारी जिथे दाखवतो त्या प्रॉकमधल्या इंटरप्ट्सच्या यादीत १९ नंबरचा, म्हणजे या कार्डाचा, आकडा जिथे असेल तिथे थिजलेला. इंटरफेस खाली-वर करून फरक नाही, ड्रायव्हर काढून पुन्हा घालूनही नाही. बाकी मशीन मात्र ठणठणीत: डिस्क चालतेय, कीबोर्ड चालतोय, दोन्ही प्रोसेसर कामात.

मागच्या अपडेटमध्ये कपॅसिटर बदलल्याचं लिहिलं होतं. त्याचा निकाल आधी सांगतो, कारण तिथे बराच काळ गेला. बोर्ड एपिक एरर ०२ फेकत होता; एपिक म्हणजे प्रोसेसरांपर्यंत इंटरप्ट पोचवणारी यंत्रणा. ०२ म्हणजे रिसीव्ह चेकसम, आलेला निरोप शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा, चुकला. या पिढीच्या प्रोसेसरांमध्ये इंटरप्टचे निरोप तीन तारांच्या वेगळ्या बसवरून जातात, एक क्लॉक आणि दोन डेटा, आणि त्यांचा चेकसम अवघा दोन बिटांचा. एवढ्याशा चेकसममधून एखादा बिघडलेला निरोप सुटून जाऊ शकतो. त्यामुळे वीजपुरवठ्यातला खडखडाट, त्यातून बिघडलेले निरोप, त्यातून हरवलेले इंटरप्ट अशी साखळी पटण्यासारखी होती. सॉकेटजवळच्या कपॅसिटरांचे माथेही फुगलेले होतेच. मुंबईच्या दमट हवेत इतकी वर्षं पडून राहिलेल्या बोर्डाकडून वेगळी अपेक्षा नव्हती.

लॅमिंग्टन रोडवरून माल घेताना एक गोष्ट पाळा. लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) कपॅसिटर म्हणून जे काउंटरवर ठेवतात ते तिथल्या तिथे मीटरवर तपासून घ्या. मीटर काढल्यावर ज्या दुकानदाराचा चेहरा पडतो त्याच्याकडून घेऊ नका. मला चांगला माल मिळाला तो गल्लीत आत, जुन्या टीव्हीचे सुटे भाग ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडे. त्यांनी आपणहून दोन पाकिटं बाजूला सारली आणि म्हणाले, “हे नको नेऊस, हे पंख्याच्या कामाचे आहेत.” आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने मदरबोर्डाला हात लावू नका. ग्राउंडचा थर सगळी उष्णता पिऊन टाकतो, सोल्डर अर्धवट वितळतं आणि ओढाओढीत पॅड उखडतो.

कपॅसिटर बदलल्यावर एपिक एरर जवळजवळ नाहीसे झाले. बोर्ड ओव्हरक्लॉक केलेल्या ५५० मेगाहर्ट्झवरून मूळ ३६६ वर आणला, तेव्हा उरलेसुरलेही गेले. ८०२९ मात्र तसंच मरत राहिलं. म्हणजे दुखणी दोन होती, आणि पहिलं बरं झाल्यामुळेच दुसरं स्वच्छ दिसायला लागलं. ते काम वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही.

केबलही निकालात काढली. मशीनं बंद करून टी कनेक्टरवर मीटर लावला, २५ ओहम. दोन्ही टोकांचे ५० ओहमचे टर्मिनेटर शाबूत. तसंही केबलचा दोष असता तर ड्रायव्हरने ‘केबल प्रॉब्लेम?’ असं छापलं असतं. तो छापत होता ‘लॉस्ट इंटरप्ट?’, आणि ते तो उगाच छापत नाही. कार्डाचं आयएसआर शून्य नसेल तरच ती ओळ येते.

हे माझ्या लक्षात आणून दिलं आपल्या डोंबिवलीच्या काकांनी. बोर्ड लोकलने त्यांच्याकडे नेला होता, त्यांच्या ऑसिलोस्कोपसाठी. काका म्हणाले, “कार्डाला सोड आता. ते आयएसआरमध्ये काय लिहून ठेवतंय ते वाच.” आयएसआर ३ म्हणजे खालचे दोन्ही बिट चढलेले: एक पॅकेट आलंय, एक पॅकेट गेलंय. कार्डाने आपलं काम केलंय आणि तसं कळवलंयही. मग काकांनी प्रोब स्लॉटच्या ए६ पिनवर धरला, तीच आयएनटीए. कार्ड मेलं त्या क्षणापासून रेषा खाली जाऊन तिथेच बसलेली, हलायचं नाव नाही. पीसीआयचा इंटरप्ट लेव्हलचा असतो, म्हणजे रेषा जोवर खाली तोवर मागणी चालू. कार्ड सतत मागतंय आणि प्रोसेसरपर्यंत काहीच पोचत नाहीये.

इथे एक जुनं कोडंही सुटलं. आठवत असेल, मध्यंतरी शंभराचं कार्डही सोबत मरायचं आणि ‘इंटरप्ट पोस्टेड बट नॉट डिलिव्हर्ड, आयआरक्यू ब्लॉक्ड बाय अनदर डिव्हाइस?’ असं छापायचं. तेव्हा आपण सगळे एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, घसरलो होतो. पण इंटरप्टच्या रेषा चार आणि स्लॉट पाच, त्यामुळे कुठले तरी दोन स्लॉट एका रेषेवर येणारच. दोन्ही कार्डं तेव्हा त्या जोडीच्या स्लॉटांत होती. १९ अडकला की शेजारीही अडकणार. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवल्यापासून शंभराचं एकदाही मेलेलं नाही.

मग कर्नेलच्या पर्यायांची उलटसुलट सुरू केली. एका प्रोसेसरचा साधा कर्नेल: रात्रभर फाइली फिरवल्या, काही नाही. एसएमपी कर्नेल पण नोएपिक देऊन, म्हणजे कार्डांचे इंटरप्ट प्रोसेसरांकडे पाठवणारा आयओ-एपिक न वापरता: काही नाही, फक्त सगळे इंटरप्ट एक्सटी-पिक (जुना इंटरप्ट कंट्रोलर) म्हणून पहिल्या प्रोसेसरवर. इथवर तुमच्यापैकी अनेकांचा निष्कर्ष होता की ड्रायव्हरच्या लॉकिंगमध्ये (एका वेळी एकाच प्रोसेसरने कार्डाला हात लावावा या बंदोबस्तात) गफलत आहे, दोन प्रोसेसर एकमेकांच्या पायात येतात. म्हणून मॅक्ससीपीयूज १ देऊन पाहिलं. आयओ-एपिक चालू, पण प्रोसेसर एकच. उशिरा का होईना, कार्ड मेलंच! एकाच प्रोसेसरवर दोघांची धक्काबुक्की होणार कशी? पुढे दोन्ही प्रोसेसर चालू ठेवून एसएमपी ॲफिनिटीने १९ एकाच प्रोसेसरला बांधला, तर आणखी लवकर मेलं. लॉकिंगचा सिद्धांत तिथे संपला. उरली ८२०९३एए ही आयओ-एपिकची चिप.

कर्नेलसाठी एक छोटं मॉड्यूल लिहिलं. आयओ-एपिक एफईसी००००० या पत्त्यावर बसतो, तिथे रजिस्टरचा नंबर लिहायचा आणि हेक्स १० पुढे जाऊन मजकूर वाचायचा. १९ व्या पिनची खालची अर्धी नोंद हेक्स ३६ वर. कार्ड चालू असताना तिथे शेवटच्या चार हेक्स अक्षरांतली पहिली दोन होती ए९. कार्ड मेल्यावर वाचलं तर ई९. मी परत वाचलं, परत ई९. फरक एका बिटाचा, चौदाव्या: रिमोट आयआरआर. मास्क (पिन बंद करणारा बिट) उतरवलेला, ट्रिगर लेव्हल, सगळं जागच्या जागी, फक्त हा एक बिट चढून बसलेला.

या बिटाचा अर्थ असा. लेव्हलचा इंटरप्ट प्रोसेसरने स्वीकारला की आयओ-एपिक हा बिट चढवतो आणि प्रोसेसरकडून ‘काम झालं’ म्हणजे ईओआय येईपर्यंत त्या पिनवरून पुढचं काही पाठवत नाही. रजिस्टर पोस्टाची पोच परत आल्याशिवाय पुढचं पत्र द्यायचं नाही, तसं. आता घोटाळा बघा. काही परिस्थितीत ही चिप लेव्हलचा इंटरप्ट एजचा (रेषा बदलण्याच्या क्षणी एकदाच येणारा) म्हणून पाठवते, पण स्वतःकडे मात्र बिट चढवून ठेवते. प्रोसेसरच्या लेखी तो एजचा, आणि एजच्या इंटरप्टसाठी ईओआय बसवरून परत जातच नाही. तिकडे चिप वाट बघत बसते. कायमची.

ही परिस्थिती कधी येते? त्याच स्रोताचे दोन इंटरप्ट लागोपाठ एकाच प्रोसेसरकडे जातात आणि मधल्या काळात तो स्रोत थोडा वेळ बंद केलेला असतो, तेव्हा हे घडताना दिसलंय; नेमकं कारण मात्र माहीत नाही. आता आपलं कार्ड ज्या घराण्यातलं आहे त्या ८३९० चा ड्रायव्हर उघडा. प्रत्येक पॅकेट पाठवताना तो काय करतो? डिसेबल आयआरक्यू (इंटरप्टची पिन बंद), पॅकेट कार्डात कॉपी, इनेबल आयआरक्यू (पिन परत चालू). म्हणजे प्रत्येक पॅकेटमागे या दोषाला आमंत्रण! दोन्ही दिशांनी रहदारी असतानाच मरायचं कारण हेच: पाठवण्यासाठी पिन बंद केलेली असतानाच तिकडून पॅकेट येऊन थडकतं. शंभराच्या कार्डाचा ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटला पिन बंद करत नाही, म्हणून ते एकटं असताना निवांत.

हे मी शोधून काढलेलं नाही. नंतरच्या २.४ कर्नेलमध्ये आयओ-एपिकच्या फाइलीत माचेय रुझीत्स्की यांनी हे सगळं टिपणात लिहून ठेवलंय आणि उपायाची कल्पना मान्फ्रेड स्प्राउल यांची असल्याचंही नोंदवलंय. उपाय इतका सुंदर आहे की मी तो आधी हाताने करून पाहिला. पिन मास्क करायची, ट्रिगर एज करायचा, परत लेव्हल करायचा, मास्क काढायचा. एजला नेताक्षणी चिप तो अडकलेला बिट सोडून देते. मेलेल्या कार्डावर मॉड्यूलमधून हे चालवलं आणि ई९ चं ए९ झालं. १९ चा आकडा पुढे सरकला, त्या क्षणी पलीकडच्या मशीनची थकलेली पॅकेटं भराभर आली. ड्रायव्हरला हात नाही, रीबूट नाही.

आता पुढे काय? माझा बेत होता ड्रायव्हरमधलं डिसेबल आयआरक्यू काढून तिथे इंटरप्ट बंद करणारा स्पिनलॉक घालायचा. चार ओळींचं काम. पण ते तसं लिहिण्यामागे कारण आहे. या कार्डात पॅकेट प्रोसेसरनेच शब्दाशब्दाने ओतायचं असतं आणि तेवढा वेळ त्या प्रोसेसरवरचे सगळे इंटरप्ट अडवले तर सिरियल पोर्ट उपाशी मरतो. सिरियल पोर्टाच्या १६५५० चिपचा बफर १६ बाइटचा, सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगाला तो साधारण १.४ मिलिसेकंदांत भरतो. माझं टर्मिनल सिरियलवरच आहे. त्यामुळे ड्रायव्हर आहे तसाच राहील. आयओ-एपिकचा उपाय नंतरच्या कर्नेलमधून २.४.० वर उतरवतो, तो पॅच अंगाने लहान आहे.

हे लिहितानाच आणखी एक सुचतंय. त्या उपायासोबत प्रॉकच्या इंटरप्ट्समध्ये एमआयएस नावाची ओळ येते. लेव्हलचा इंटरप्ट एज म्हणून आला की ती एकाने वाढते. म्हणजे दोष घडण्याचं थेट मोजमाप! मग आधी पॅच आणि लगेच ५५० वर परत जाण्याऐवजी ३६६ आणि ५५० दोन्हीवर तीच फाइल फिरवून एमआयएस लिहून ठेवतो. प्रोसेसरची मुख्य बस वेगाने धावली की दोष वाढतो का घटतो, हे त्यातून दिसेल. बायोसमधला एमपीएस (अनेक प्रोसेसरांच्या मांडणीचं मानक) १.१ आणि १.४ हा फरकही त्याच बैठकीत. कोॲक्सचा सर्व्हर आठवडाभर पुढे गेला तरी चालेल.

तुमच्याकडून एक हवंय. ज्यांच्याकडे दोन सॉकेटचे जुने बोर्ड आहेत, ४४०एफएक्सवाले पेंटियम प्रो तर नक्कीच, त्यांनी बूटच्या लॉगमध्ये आयओ एपिकची ओळ बघा. तिथे व्हर्जन १७ दिसेल, ते दशमानातलं आहे, हेक्समध्ये ११. तुमचं ११ असेल आणि ८३९० घराण्यातलं कुठलंही पीसीआय कार्ड खणात पडलेलं असेल, तर ते लावा, दोन्ही दिशांनी फाइली फिरवा आणि एमआयएसचा आकडा पाठवा. कार्ड नसेल तर माझ्याकडे कुर्ल्याच्या भंगारातून आणलेली दोन जादा आहेत. बीएनसी नसलेली, पण या कामाला पुरेशी. दादर स्टेशनवर भेटून देतो.