टी, ओ आणि आपला तो

शनिवार, रात्री उशिरा

आज ‘सापा’ बाजारात जाऊन आले. प्रागच्या दक्षिणेला, लिबुशमध्ये हा व्हिएतनामी बाजार आहे. इथल्या व्हिएतनामी लोकांना 2013 पासून अधिकृत राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता आहे. मला मात्र कोथिंबिरीची मान्यता पुरते, ती तिथे ताजी मिळते.

मासळीच्या दुकानात खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने लिहिलं होतं, ‘टोम तो’. मोठी कोळंबी. बर्फावर पसरलेली, मिशा शाबूत. मी चेकमध्ये विचारलं, “कोलिक तो स्तोयी?” हे केवढ्याला? पाटीवरचा तो आणि माझ्या तोंडचा तो, दोन्ही रोमन लिपीत टी आणि ओ. व्हिएतनामीत त्याचा अर्थ मोठा. आवाज मोठा करायलाही तोच शब्द. चेकमध्ये तो म्हणजे ते किंवा हे.

त्यात कार्डिफहून मावसबहिणीने लेकाच्या वहीचा फोटो पाठवलेला. पोरगा वेल्श माध्यमात आहे. घराचं चित्र, छपराला बाण, बाणाशी ‘तो कोख’. लाल छप्पर! पुन्हा टी, ओ. कोळंबी साफ करताना डोक्यात हेच चाललं होतं.

खरं तर सारखेपणा कागदापुरताच. चेक तो ऱ्हस्व, तोंडातून सुटला की संपला. वेल्श लांबवायचा. व्हिएतनामीतला ओ तोंड उघडून, जवळजवळ तॉ, आणि सूर सपाट ठेवायचा. ‘ओ’वर टोपी, म्हणजे ^ ही खूण, चढवली की तो मोठा राहत नाही, दक्षिणेकडे त्याचा वाडगा होतो.

तिघांत आपल्या नात्यातला एकच, चेक. चेकच्या क्लासला बाईंनी पहिल्यांदा ‘तेन, ता, तो’ म्हणून घेतलं तेव्हा बाकीचे वैतागले होते आणि मी मनात तो, ती, ते म्हणत बसले होते. ही खरीखुरी भावकी आहे, संस्कृतातल्या तत्‌च्या घरातली. गंमत अशी की चेक तो नपुंसकलिंगी, म्हणजे दिसायला आपल्या तो सारखा, पण नात्याने ते. वेल्श छपराचे गणगोत वेगळे: लॅटिन टोगा, इंग्रजी थॅच, सगळे झाकणारे. आणि वेल्शमध्ये तो म्हणजे पिढीसुद्धा. ‘अ तो इवांक’ म्हणजे तरुण पिढी. शाकारताना थरावर थर चढतो, तशा पिढ्या, असं मी आपलं समजून घेतलं. व्हिएतनामी तो या कोणाच्याच अध्यात ना मध्यात.

मग तो टी-ओ झाला कसा? पूर्वी तिकडे चिनी अक्षरं आणि त्यांवरून घडवलेली चू नोम लिपी चालायची. रोमन लिपी आणली ती सतराव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांनी. सुरुवात फ्रान्सिस्को द पीना वगैरे पोर्तुगीजांची. नाव झालं ते आव्हिन्योंच्या अलेक्झांडर द ऱ्होडचं, कारण 1651 मध्ये रोममध्ये छापलेला व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश त्याचा. हा गृहस्थ 1624 मध्ये व्हिएतनामला पोचला, पण त्याआधी 1619 मध्ये गोव्यात उतरला होता आणि चांगली दोनेक वर्षं तिथे राहिला. गोव्यातल्याच साष्टीत, राचोलला फादर स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं होतं, तेही रोमन लिपीतच. म्हणजे आपली भाषा परक्या अक्षरांत बसवायचं काम जिथे नुकतंच झालं होतं, त्याच मुलखात हा मुक्कामाला होता.

आणि त्या गोव्यात आजही रोमी कोंकणी लिहिणारे आपला तो, म्हणजे तो माणूस, टी आणि ओ असाच लिहितात.