तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या तयार लिनक्स असताना तुझी वेगळी कशाला?

हा प्रश्न इतक्यांदा झालाय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मला तो ऐकू येतो. पूर्वी मी "स्वातंत्र्यासाठी" असं ठोकून द्यायचो. ते खोटं होतं. माझ्या डिस्ट्रोत, म्हणजे मी जुळवलेल्या लिनक्सच्या संचात, स्वातंत्र्य औषधालाही नाही. एकच एडिटर, एकच टर्मिनल, रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या फाइली जिथं असतात ती मूळ जागा, रीड-ओन्ली: वाचता येते, बदलता येत नाही. नवं पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्रॅम, हवं तर यादीत नाव लिहायचं, शेजारी कारण लिहायचं आणि अख्खी इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टिमची एकच फाइल, पुन्हा बांधायची. कारण सुचलं नाही, तर पॅकेज मिळत नाही. मलासुद्धा.

"वेगळी" हाही जरा मोठाच शब्द. पॅकेजं डेबियन या जुन्या, मोठ्या डिस्ट्रोचीच. डेबियनच्या संग्रहाचे जुने दिवस जपणारी स्नॅपशॉट सेवा आहे, तिथली एक तारीख मी रेसिपीत, म्हणजे बांधणीच्या सूचनांत, गोठवतो. माझं म्हणाल तर ती यादी, थोड्या स्क्रिप्ट आणि हट्ट. आज बांधलेली इमेज आणि त्याच रेसिपीतून सहा महिन्यांनी बांधलेली इमेज बाइट न् बाइट सारखी निघालीच पाहिजे, हा तो हट्ट. "मग निक्सओएस घे की!" ही अशीच रेसिपीवरून बांधली जाणारी दुसरी डिस्ट्रो. घेतलं होतं. चांगलंच आहे. पण तिथं पॅकेजचा पत्ता ठरतो तो बहुतेक वेळा त्यात काय काय घातलं यावरून. पत्ता सारखा म्हणून आतले बाइट सारखेच, असं नाही. मला बाइटच हवे होते.

आता मार्च २०२४ बद्दल. हे मी सहसा सांगत नाही.

इमेज संध्याकाळी दोनदा बांधली की हॅश, म्हणजे तिच्या बाइटांवरून निघणारा ठसा, जुळायचा. सकाळी बांधली की नाही. रेसिपी तीच, मशीन तेच. फाइलींचा क्रम मी आधीच लावून घेतला होता, दर मशीनला वेगळा मिळणारा मशीन-आयडी रिकामा ठेवला होता. मग रॅमवर संशय घेतला, रात्रभर मेमटेस्ट चालवली. रॅम ठणठणीत. डिस्क बदलली. तेच. त्याच आठवड्यात ताईचा लॅपटॉप सुरू होईना. तिचा फोन आला, "अरे, येतोस का जरा?" म्हटलं, उद्या येतो. असे नऊ उद्या झाले.

नवव्या रात्री शहाणपण सुचलं आणि दोन्ही इमेज डिफोस्कोप या फरक शोधणाऱ्या टूलला दिल्या. (पहिल्याच रात्री द्यायला हव्या होत्या, ठाऊक आहे.) पासवर्डांची नोंद ठेवणाऱ्या शॅडो फाइलमध्ये एका ओळीत फरक: एकीकडे १९७९९, दुसरीकडे १९८००. पासवर्ड शेवटचा कधी बदलला, ते तिथं १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत लिहिलेलं असतं. १७ मार्चची १८ मार्च झाली, एवढंच. बांधणीची तारीख स्थिर ठेवणारा सोर्स-डेट-इपॉक हा व्हेरिएबल मी फक्त शेवटच्या, स्क्वॉशएफएसच्या (सगळ्या फाइली दाबून एकत्र करण्याच्या) पायरीला दिला होता. यूजर तयार करणारी माझी स्क्रिप्ट त्याच्या आधी चालायची आणि इमानदारीत त्या दिवसाची तारीख लिहायची. चूक शंभर टक्के माझी. एक ओळ वर सरकवली, मिटलं.

ताईला फोन केला, तर तिनं सहाव्या दिवशीच एका शेजाऱ्याकडून साधी, सगळे वापरतात ती डिस्ट्रो टाकून घेतली होती. "तुझं झालं का पण?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

वाया गेल्या का नऊ रात्री? माझ्या मशीनवर एखादी गोष्ट का आहे, ते मला सांगता येतं, आणि त्या यादीतून हीच इमेज निघते हे कुणीही स्वतः बांधून ताडून पाहू शकतं. हे खरं आहे. आजवर कुणीही ताडून पाहिलेलं नाही, हेही खरं आहे. बांधणारा मी, तपासणारा मी, वापरणारा मी. तेव्हाचा मी म्हणाला असता, तत्त्वाचा प्रश्न आहे. आता वाटतं, तत्त्व चाळीस टक्के असेल. बाकी, दोन हॅश जुळताना बघायला मला आवडतं. पण हे कबूल केलं म्हणून सोडवत नाही.

परवा नवी इमेज दोनदा बांधली, जुळली. आता घड्याळ एक वर्ष पुढे करून तिसऱ्यांदा बांधायला लावली आहे. ताईचा फोन आला तर उचलेन.