पंपिंग ३० टक्के असताना भूल

टूडी एकोचा कागद पुढे करत नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, पंपिंग ३० टक्केच आहे, भूल सोसेल ना?" प्रश्न रास्त आहे. निरोगी हृदयाची डावी जवनिका (शरीराला रक्त पुरवणारा खालचा कप्पा) प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलते; यालाच पंपिंग म्हणतात. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी या हृदयस्नायूच्या आजारात तीच जवनिका ताणून सैल झालेली असते आणि तिच्यापाशी राखीव ताकद फारशी उरलेली नसते.

श्वासावाटे दिली जाणारी हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन ही द्रव्ये स्नायूपेशीत शिरणारे कॅल्शियम कमी करतात, त्यामुळे मात्रेच्या प्रमाणात हृदयाचे आकुंचन क्षीण होते. १९५६ साली वापरात आलेले हॅलोथेन यात सर्वांत कठोर. शिवाय ते हृदयाला अ‍ॅड्रेनलिनबाबत हळवे करते, म्हणजे ठोके बिघडण्याची भीती वेगळीच. नंतरची द्रव्ये मात्र रक्तवाहिन्या सैलही करतात, आणि थकलेल्या हृदयाला समोरचा दाब हलका झाला की उरलेल्या ताकदीतही रक्त पुढे लोटता येते. हा दिलासा बेताचाच, कारण डायस्टोलिक (दोन ठोक्यांमधला, खालचा) दाब फार घसरला तर हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतला पुरवठा आटतो.

माझ्या मते खरी मेख द्रव्याच्या नावापेक्षा वेगात आहे. रक्ताभिसरण मंद असल्याने शिरेतून दिलेले औषध मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते, आणि अधीर हात तेवढ्यात आणखी औषध देऊन मोकळा होतो. वायूचे नेमके उलटे: फुप्फुसांतून जाणारे रक्त कमी असल्याने ते थोडेच द्रव्य वाहून नेते, फुप्फुसांतली पातळी भराभर चढते, भूल अपेक्षेआधी गडद होते, हृदय आणखी मंदावते आणि पातळी आणखी चढते. सेव्होफ्लुरेनसारख्या रक्तात कमी विरघळणाऱ्या द्रव्यात हे चक्र सौम्य असते, हॅलोथेनमध्ये तीव्र. डेसफ्लुरेन सर्वांत कमी विरघळते, पण त्याची मात्रा एकदम वाढवली तर नाडी धावू लागते, आणि या हृदयाला तेही परवडत नाही.

मध्यमवयीन रुग्णाला एरवी सेव्होफ्लुरेन २ टक्क्यांच्या आसपास लागते. सोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले की मी त्याच्या निम्म्यावर भागवतो. व्हेपोरायझरची (द्रव्याची वाफ करून मात्रा ठरवणाऱ्या उपकरणाची) चकती फिरवण्यापूर्वी, रुग्ण जागा असतानाच, मनगटाच्या धमनीत दाब मोजणारी नळी बसलेली आणि रक्तदाब सावरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप जोडलेला असतो.