एस्पेरांतोची द्वितीया शिकताना

शिरपूरला राहून एस्पेरांतो शिकायला घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ एका ‘न’ने घेतला. वॉर्सातले नेत्रवैद्य झामेनहॉफ यांनी स्वतः रचलेली ही भाषा १८८७ साली लोकांपुढे ठेवली. व्याकरणाचे नियम १६ आणि विभक्त्या दोनच, प्रथमा आणि द्वितीया. षष्ठीचं काम ‘दे’ करतो, चतुर्थीचं ‘आल’. दोन्ही शब्दाच्या आधी येतात, तेवढं लक्षात ठेवलं की झालं.

कर्माला लागणारा द्वितीयेचा ‘न’ मात्र पक्का बसायला हवा. मुलगी केळं खाते: ‘ला क्नाबिनो मान्जास बनानोन’. तिने खाल्लं तरी फक्त ‘मान्जिस’ होतं, बाकी सगळं जागच्या जागी. मराठीत भूतकाळ आला की ‘मुलगी’ची ‘मुलीने’ होते आणि क्रियापद केळ्याच्या मागे जातं. आपली खूण कर्त्यावर, त्यांची कर्मावर. हे जिभेवर यावं म्हणून घरातलं रोजचं बोलणं मी वहीत एस्पेरांतोत उतरवत गेलो. ‘न’ जागेवर असला की मग शब्द कुठेही टाका, ‘बनानोन मान्जास ला क्नाबिनो’ म्हटलं तरी खाणारी मुलगीच.

खरी गोडी पुढे लागली. आमच्या अहिराणीत ‘तो वावरमा शे’ आणि ‘तो वावरमा गया’, दोन्हीकडे ‘मा’च. मराठीतही शेतात आहे, शेतात गेला. एस्पेरांतोत माणूस शेतात असेल तर ‘एन ला काम्पो’, शेतात शिरत असेल तर ‘एन ला काम्पोन’. इथे मला शाळेतलं संस्कृत आठवलं: ‘ग्रामे वसति’, पण ‘ग्रामं गच्छति’. जायच्या ठिकाणाला द्वितीया! त्या आधारावर दिशेचा ‘न’ एका बैठकीत समजला. संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने याच दाराने आत यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

१९०७ साली एस्पेरांतोच्या सुधारणावाद्यांनी तिच्यातूनच बेतलेली इडो भाषा पुढे आणली. इडोत कर्माचा ‘न’ सक्तीचा राहिला नाही, कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच तो लागतो. शिकणाऱ्याचे कष्ट वाचतात, कबूल. तरी मी झामेनहॉफच्या बाजूचा. सोय म्हणून कधी लावायचा, कधी सोडायचा, यापेक्षा कायम लागणारा प्रत्यय लवकर अंगवळणी पडतो.

सध्या विशेषणांवर आहे. मोठ्या शेतात जायचं तर ‘एन ला ग्रांदान काम्पोन’, म्हणजे ‘न’ दोन्हीकडे. ‘मोठं शेत’चं ‘मोठ्या शेतात’ करणाऱ्याला ते जड नाही.